एक लाडू तोंडात, एक पदरात

आज आम्ही घरच्या साध्या गोड पदार्थांबद्दल बोलणार आहोत. कुणी म्हणेल, आत्ता कुठला सण आलाय? सण कुठलाच नाही. पाहुणेही यायचे नाहीत. म्हणूनच बोलायचंय. हातातलं काम चालू द्या, भाजी निवडता निवडता ऐका. मापं सांगू तेव्हा मात्र जरा कान इकडं द्या.

सुरुवात आमच्या बचत गटातल्या एका बैठकीपासून करतो. मागच्या वर्षीची गोष्ट. भांगलणीचे दिवस होते, त्यामुळं बैठक दुपारी १२ वाजता ठेवली होती. हप्ते गोळा झाले, पासबुकं पुढं सरकली, आणि सही करता करता आमच्यातली एक वहिनी एकदम बाजूला कलंडली. डोळ्यांपुढं अंधारी आली होती. पाणी मारलं, वारा घातला, पाच मिनिटांत ती उठून बसली आणि वर म्हणाली, ‘‘काही नाही झालं, चालू द्या.’’ थोरल्या आक्का मात्र सोडेनात. त्यांनी विचारलं, ‘‘सकाळपासून खाल्लंस काय?’’ ती म्हणाली, ‘‘चहा.’’ आक्का म्हणाल्या, ‘‘चहा प्यालीस ते कळलं. खाल्लंस काय?’’

मग आम्ही एकमेकींनाच विचारत गेलो. बारा जणी होतो. आठ जणींच्या पोटात फक्त चहा. दोघींनी पोरांच्या ताटातला उरलेला घास खाल्लेला. दोघीच धड जेवून आलेल्या, आणि त्यातली एक म्हणाली, ‘‘माझी गोळी चालू आहे म्हणून खावं लागतं, नाहीतर मीही नसते खाल्लं.’’ याच बारा जणींनी त्या दिवशी सकाळी घरातल्या सगळ्यांचे डबे भरले होते, म्हाताऱ्यांना न्याहारी दिली होती, जनावरांची वैरणही केली होती. पाचला उठायचं, साडेपाचला चहा, दहाला शेतात, आणि भाकरी सोडायची ती दीड वाजता. आठ तास अंगमेहनतीचं काम आणि पोटात कपभर चहा. आम्हाला यात वावगं काही वाटतच नव्हतं, कारण आमच्या आयाही असंच करायच्या.

त्या दिवशी ठरलं की दर बैठकीला एकीनं घरून काहीतरी गोड करून आणायचं. गोडच का? तर तिखटामिठाचं केलं की त्याला भाकरी लागते, भाजी लागते, पसारा होतो. लाडू, वडी असलं काही डब्यातून नेता येतं, हातावर घेऊन खाता येतं, आणि दोन दिवस टिकतं. अट एकच घातली, घरात जे असेल त्यातूनच करायचं. बाजारातून फार तर ५० रुपयांचं सामान आणायचं. काजू-बदाम घालून मोठेपणा करायचा नाही, कारण मग पुढची बाई पाळी चुकवायला लागते.

पहिली पाळी एका मावशींची आली. त्यांनी शेंगदाण्याचे लाडू आणले. प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवला. आता ऐका गंमत. बैठक संपली, सगळ्या जणी ‘‘छान झालाय हो लाडू’’ म्हणत उठल्या, आणि आमच्या लक्षात आलं की तो कुणी खाल्लाच नव्हता! प्रत्येकीच्या पदराच्या टोकाला गाठ. कुणाच्या नातवासाठी, कुणाच्या लेकीसाठी, एकीच्या तर नवऱ्यासाठी. न चाखताच आम्ही कौतुक करत होतो.

दुसऱ्या बैठकीला आम्ही नियम केला, इथंच बसून खायचं. त्यावरून चांगलंच वाजलं. आमच्यात सगळ्यात वयस्क एक आजी आहेत, त्या म्हणाल्या, ‘‘घरात पोरं वाट बघत असताना माझ्या घशाखाली उतरायचं नाही. तुमचा नियम तुमच्यापाशी.’’ आम्हाला आधी वाटलं, आजी जुन्या वळणाच्या आहेत. नंतर वाटलं, खरंच तर बोलल्या. आपल्यातल्या कुणाला उतरतं? शेवटी आक्कांनी तोड काढली. प्रत्येकीला दोन द्यायचे. एक इथं सगळ्यांसमोर खायचा, एक पदरात बांधायचा. पाळी एकीवर न ठेवता दोघींवर टाकली, म्हणजे गूळ एकीचा, दाणे दुसरीचे. तेव्हापासून हे असंच चाललंय.

यातून आमच्यात एक विषय निघाला, तोही सांगतो. आपल्याकडं खास बाईसाठी म्हणून गोड कधी करतात? आठवून बघा. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मेथीचे लाडू, खारकेची पूड. हे सगळं बाळंतिणीचं. तेव्हा सासूबाई स्वतः डबा भरून उशाशी ठेवतात, ‘‘खा गं, कंबरेत ताकद येईल’’ म्हणतात. ही फार चांगली पद्धत आहे. पण सव्वा महिना झाला की डबा रिकामा होतो आणि परत भरत नाही. दोन बाळंतपणं झाली तर उभ्या जन्मात दोन डबे. बाकी वर्षभर जे गोड होतं ते देवाच्या नैवेद्याचं, पाहुण्याचं, पोरांच्या वाढदिवसाचं, आणि बाईच्या वाट्याला कढई खरवडणं. आमच्यातली एक म्हणाली, ‘‘मला तर खरवडच आवडते.’’ आक्का म्हणाल्या, ‘‘दुसरं मिळालं असतं तर आवडलं असतं का ते बघ.’’ यावर कुणी काही बोललं नाही.

असो. आता पदार्थांकडं वळूया.

आधी सगळ्यात सोपा, शेंगदाण्याचा लाडू. बारा जणींना दोन-दोन म्हणजे २४ लाडू हवेत. त्यासाठी ३ वाट्या दाणे आणि दीड वाटी चिरलेला गूळ. वाटी एकच वापरा. दाणे मंद जाळावर भाजायचे. घाई करून मोठ्या जाळावर भाजले तर वरून काळे आणि आतून कच्चे राहतात, मग लाडू पिठूळ लागतो. गार झाल्यावर चोळून टरफलं काढायची, सुपात पाखडायचं. त्याच वेळी दाणे निवडायचे. सुरकुतलेला, काळपट, बुरशी लागलेला दाणा टाकून द्या. एक कुजका दाणा सगळा लाडू कडू करतो हे तर आपल्याला माहीत आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाण्यावरच्या बुरशीत विष असतं आणि ते भाजल्यानं जात नाही. ‘‘टाकायला जिवावर येतं’’ म्हणून तसले दाणे कुटात ढकलू नका. मग दाणे मिक्सरला थांबून थांबून जाडसर फिरवायचे, गूळ घालून पुन्हा दोनदा फिरवायचं. लाईट नसेल तर खलबत्ता आहेच. दाण्याचं तेल सुटतं, त्यातच लाडू वळला जातो. तूप लागत नाही. वेलदोडा असला तर घाला, नसला तर चिमूटभर सुंठ. लहान लिंबाएवढे वळा. आठवडाभर सहज टिकतात, पण आमच्याकडं टिकल्याचा अनुभव नाही.

दुसरा पदार्थ त्याहून स्वस्त. शिळ्या चपातीचा मलिदा. रात्रीच्या २ चपात्या हातानं बारीक कुस्करायच्या, १ चमचा तूप, २ चमचे किसलेला गूळ, हातानंच मळून एकजीव करायचं. झालं. चूल पेटवावी लागत नाही, भांडं एकच. वळला तर लाडू, नाही वळला तर वाटीत चमचा. सकाळी नऊ वाजता, घरच्यांचं आटोपल्यावर, उभ्या उभ्या का होईना पण हे पोटात जायला पाच मिनिटं लागतात. फक्त चपातीला वास येत असेल किंवा ती चिकट झाली असेल तर ती जनावरालाही घालू नका, स्वतःलाही नको.

लापशी सगळ्यांना येते, तरी बऱ्याच जणींची तक्रार असते की दाणा कडक राहतो. त्याचं कारण गुळात आहे. दाणा शिजायच्या आधी गूळ पडला की तो नीट पाणी पीत नाही, मग कितीही शिजवा. म्हणून १ वाटी लापशीचा रवा २ चमचे तुपावर लालसर भाजायचा, ३ वाट्या कडकडीत पाणी घालायचं, कुकरला ३ शिट्ट्या करायच्या. दाणा बोटानं दाबून पाहायचा. मऊ झाला असेल तरच पाऊण वाटी गूळ घालून पाच मिनिटं झाकण ठेवून वाफ आणायची. खोबऱ्याचा कीस असला तर वरून. चार-पाच जणांची न्याहारी होते.

आणि आता भोपळ्याचे घारगे. तांबडा भोपळा आपल्याकडं परड्यात होतो, एक कापला की अर्धा वाया जातो, कारण भाजी दोन दिवसांवर कुणी खात नाही. त्याचा २ वाट्या कीस घ्या, १ वाटी गूळ घाला आणि मंद जाळावर शिजवा. पाणी अजिबात घालायचं नाही, भोपळा आणि गूळ दोघं मिळून हवं तेवढं पाणी सोडतात. गार होऊ द्या. त्यात चिमूटभर मीठ, २ चमचे कडकडीत तेलाचं मोहन, मूठभर तांदळाचं पीठ, आणि मावेल तेवढी कणीक. साधारण ३ वाट्या लागते, पण भोपळा पाणचट असेल तर जास्त. पीठ घट्ट मळा. सैल झालं तर घारगे तेल पितात. लाटताना वरून पीठ लावू नका, ते तेलात जळून तळाशी बसतं. तेलाचा हात लावून केळीच्या पानावर थापा. मध्यम आचेवर तळा. दोन-तीन दिवस चांगले राहतात, प्रवासाला, वारीला, शाळेच्या डब्याला चालतात. आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त मागणी घारग्यांना आहे. तळणाचं तेल लागतं म्हणून रोजचा पदार्थ मात्र नव्हे.

आमच्या डोंगराकडच्या मैत्रिणींना नाचणीबद्दल वेगळं सांगायला नको. २०२३ हे साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून शहरात नाचणीची बिस्किटं महागानं विकली जातात. आपल्याकडं ती कणगीत होतीच. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. हे ऐकून लगेच दूध बंद करू नका, कारण दूध आपण पेलाभर पितो आणि पीठ खातो दोन चमचे. दोन्ही एकत्र करा. २ चमचे पीठ कोरडंच मंद भाजा, अर्धा कप गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका, आणि कपभर उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहा. चकाकी आली की शिजलं. १ चमचा गूळ घालून विरघळला की भांडं खाली उतरवा. जरा निवलं की मग कोमट दूध घाला. इथं बायका चुकतात. चुलीवर असतानाच गूळ आणि दूध एकत्र केलं की दूध फाटतं, आणि मग सगळं घर म्हणतं की नाचणीच वाईट.

खरवसाचं मुद्दाम सांगत नाही, तो आपल्याला शिकवावा लागत नाही. एवढंच, पहिला चीक वासराला पोटभर पाजून झाल्यावर उरेल त्याचाच खरवस करावा. गल्लीत वाटतानाही करणारीनं आपली वडी आधी बाजूला ठेवावी.

आता आमची फजिती. घरचे लाडू जमायला लागले तेव्हा आम्हाला वाटलं, आता ऑर्डर घेऊ. गावातल्याच एका डोहाळजेवणासाठी ५ किलो गूळपापडी करायची होती. पाच जणी जमलो. पाचही जणी सुगरणी, आणि तिथंच घात झाला. एकीनं कणीक घातली मुठीनं, दुसरीनं तूप ओतलं अंदाजानं, तिसरी म्हणाली गूळ अजून लागेल, चौथीनं जाळ वाढवला. गूळ जाळावरच शिजत राहिला. ताटात थापली आणि तासाभरानं बघतो तर दगड. सुरी चालेना. वरवंट्यानं फोडली. ज्यांची ऑर्डर होती त्यांना तोंड कसं दाखवायचं? आक्का आणि आमच्यातल्या दोघी रात्री अकरापर्यंत बसून दुसरी केली. पहिल्या घाण्याचे १,४०० रुपये गटाच्या अंगावर पडले. पाच जणींत विभागून भरले, आणि कुणाची चूक यावर पंधरा दिवस बोलणं बंद.

म्हणून गूळपापडीचं माप नीट सांगतो, लिहून घ्या. २ वाट्या कणीक, १ वाटी तूप, १ वाटी बारीक चिरलेला गूळ. कणीक तुपावर मंद जाळावर १२ ते १५ मिनिटं भाजायची, खमंग वास यायला हवा आणि रंग बदामी. मग कढई खाली उतरवायची. खाली उतरवून दोन मिनिटं थांबायचं आणि मगच गूळ घालायचा. कढईच्या उष्णतेवर तो विरघळतो, तेवढं पुरे. पुन्हा चुलीवर ठेवायचं नाही. तूप लावलेल्या ताटात थापून गरम असतानाच वड्या पाडायच्या. आणि पाच जणी असलात तरी जाळापाशी एकीनंच बसायचं. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. आमच्या गटाच्या रजिस्टरमध्ये हा ठराव लिहिलेला आहे, त्याखाली सगळ्यांच्या सह्या आहेत.

गुळाबद्दल दोन शब्द. पिवळाधमक गूळ दिसायला देखणा असतो, पण रंग उजळ यावा म्हणून गुऱ्हाळात कधीकधी हायड्रॉसची पावडर घालतात. ओळखीच्या गुऱ्हाळावरून डोळ्यांपुढं निघालेला गूळ मिळाला तर घ्या, रंगानं काळपट असला तरी चालेल. काकवी मिळाली तर फारच छान, गरम चपातीशी त्याहून सोपं गोड दुसरं नाही.

बऱ्याच बायका समजतात की गुळाचे लाडू खाल्ले म्हणजे रक्त वाढतं. आम्हीही तसंच समजत होतो. गुळात लोह असतं, पण लाडवातल्या चमचाभर गुळातून मिळतं ते थोडंसं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. एवढं लाडवानं भरून निघणार नाही. हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ असायला हवं. कमी असेल तर उपकेंद्रात, आशाताईंकडं लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. गोळी किंवा जेवण यांच्यावर लगेच चहा घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही, तासभर थांबा. त्याऐवजी लिंबू पिळा, आवळा खा. अळिवात लोह चांगलं असतं, ते बाळंतिणीपुरतं का ठेवायचं? १ चमचा अळीव तासभर भिजवून खिरीत घालता येतो. गरोदर असाल तर मात्र नर्सबाईंना विचारल्याशिवाय घेऊ नका. बैठकीत चक्कर आलेल्या त्या वहिनीचं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. तिला लाडू दिला तो भुकेसाठी आणि गोळ्या दिल्या त्या रक्तासाठी. आता ती बरी आहे, भांगलायला आमच्या पुढं असते.

आणि साखरेचा आजार असलेल्यांसाठी. ‘‘साखर नको म्हणालेत डॉक्टर, गूळ चालतो’’ असं सांगणाऱ्या दोन मावश्या आमच्यात आहेत. गूळही रक्तातली साखर वाढवतोच. त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्यासाठी आम्ही भाजके दाणे आणि फुटाणे वेगळे आणतो. त्यातली एक मावशी अजूनही घारग्याकडं बघत बसते, आणि आम्ही तिच्याकडं.

घराघरांत काय झालं तेही सांगायला हवं. सगळीकडं सोपं गेलं नाही. आमच्यातली एक रोज नऊ वाजता मलिदा करून खायला लागली, तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘आता बायकाही न्याहारी करायला लागल्या का?’’ ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं चार चपात्यांचा केला आणि अर्धा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला. तिसऱ्या दिवशीही सारला. आठवड्यानं एकदा तिला गडबडीत करायला जमलं नाही, तर आतून हाक आली, ‘‘आज माझं ते कुठंय?’’ तेव्हा कळलं की बाजूला सारलेलं त्या नंतर खात होत्या. त्याही आयुष्यभर दीड वाजताच जेवल्या होत्या.

पुढच्या बैठकीला पाळी आमच्या आजींची आहे, त्याच, ज्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्या सांजोऱ्या करणार आहेत. माप विचारलं तर म्हणाल्या, ‘‘माझ्या हातात आहे, वाटीबिटी मला सांगू नका.’’ म्हणजे रजिस्टरमधला ठराव मोडणार. पण आजींना कोण सांगणार? सोबतीला आमच्यातली एक जाणार आहे, ती गुपचूप मोजून लिहून घेईल. सांजोऱ्यांचं माप ती हाती लागलं की इथंच सांगू. तोवर नमस्कार.